पाच आकड्यांचे आभाळ

“मेटार व्हीएपीओ १५०१३०झेड ०००००केटी ५००० बीआर एफईडब्ल्यू१०० १२/११ क्यू१०१६.”

दिवाळी अंकाच्या पानावर हा कसला मंत्र छापला आहे, म्हणून वाचक बुचकळ्यात पडले असतील. छपाईत काही गफलत झाली असावी, अशीही शंका कोणाला आली असेल. तसे काही नाही. हे पुण्याचे आभाळ आहे. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी सात वाजता लोहगावच्या विमानतळावर उभे राहिले, तर डोळ्यांना जे दिसेल आणि अंगाला जे जाणवेल, ते सगळे या एका ओळीत आले आहे. ही ओळ मी नमुन्यादाखल रचली असली, तरी तिच्या जातकुळीच्या ओळी मुंबईहून, नागपुराहून, गोव्याहून आणि जगातल्या हजारो विमानतळांवरून तासा-अर्ध्या तासाने निघत असतात. विमान चालवणाऱ्याला त्या वाचता आल्याच पाहिजेत. माझ्या वैमानिकीच्या साऱ्या वर्षांत मी वर्तमानपत्र अनेकदा वाचले नाही. ही ओळ मात्र एकही दिवस चुकवली नाही.

आधी ती सोडवून दाखवतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल. ‘मेटार’ हे या अहवालाच्या प्रकाराचे नाव. ‘व्हीएपीओ’ म्हणजे पुणे. प्रत्येक विमानतळाला असे चार अक्षरांचे नाव असते. ‘व्ही’ हे आपल्या बाजूच्या देशांचे आडनाव समजा, ‘ए’ ही पश्चिम भारताची शाखा, आणि उरलेली दोन अक्षरे ज्याची त्याची. पुढे तारीख १५ आणि वेळ ०१३०. ही वेळ ग्रिनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे; म्हणजे आपले सकाळचे सात. पाच शून्ये म्हणजे वारा ठार पडलेला. दृष्टी ५००० मीटरपर्यंत पोचते, आणि ती त्यापलीकडे का पोचत नाही, तर ‘बीआर’, म्हणजे विरळ धुके. दहा हजार फुटांवर थोडे ढग. हवेची उष्णता १२ अंश. आणि हवेतल्या ओलाव्याचे दव होऊ लागेल ती पायरी, जिला शास्त्रात दवबिंदू म्हणतात, ती ११ अंश. शेवटी हवेचा भार १०१६. झाले पुण्याचे आभाळ.

ढगांच्या मोजणीसाठी आकाशाचे आठ भाग कल्पायचे असतात. एक-दोन भाग झाकलेले असले तर ‘एफईडब्ल्यू’, तीन-चार असले तर ‘एससीटी’, पाच ते सात असले तर ‘बीकेएन’, आणि आठही भरले की ‘ओव्हीसी’. शिकत असताना मी हे घरी वडिलांना सांगितले, तर त्यांना ते क्षणात कळले. रुपयाचे सोळा आणे हिशेबात वागवलेली ती पिढी! दुसऱ्या दिवसापासून सकाळी गॅलरीत जाऊन ते मला आत ओरडून सांगू लागले, “अरे, आज पावली आभाळ आहे रे!” कधी अधेली, कधी पुरता रुपया. श्रावणात आमच्या घरात रुपयाखाली बात नसे.

मी विमान चालवायला शिकू लागलो ते १९७८ साली, जुहूच्या धावपट्टीवर. हवामानाचा विषय शिकवायला एक वृद्ध गृहस्थ येत. त्यांची सारी हयात वेधशाळांमधून गेली होती. पहिल्या दिवशी पुस्तक उघडून बसलेल्या आम्हा पोरांना त्यांनी उठवले, बाहेर मैदानात नेले आणि म्हणाले, “आधी लिहायला शिका, मग वाचायला.” त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही जुहूचे आभाळ कागदावर उतरवत होतो. तो ताड इतक्या मीटरवर, ती पलीकडची इमारत इतक्या, त्यापुढचा कारखान्याचा धुराडा इतक्या. ताड दिसतो पण धुराडा दिसत नाही, तर दृष्टी किती? वारा कुठून? ढगाचा तळ किती उंच? हा शेवटचा प्रश्न महाकठीण. आम्ही दोन हजार फूट म्हटले, की मास्तर मान वर न करताच म्हणत, “नीट बघ.”

त्या काळी या ओळींचा पोशाख थोडा वेगळा होता. हवेच्या अवस्थेला अक्षरांच्या जोडीने दोन आकडे लागत. शून्य-शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर अवस्था जागतिक कोष्टकात ठरवलेल्या होत्या, आणि मास्तरांनी त्या आमच्याकडून पाढ्यांसारख्या घोकून घेतल्या. १० म्हणजे विरळ धुके, ४५ म्हणजे आकाशही दिसेनासे करणारे दाट धुके, ६१ म्हणजे हलकासा पण न थांबणारा पाऊस, ९५ म्हणजे पावसासह गडगडाटी वादळ. मला मौज वाटे ती मधल्या काही आकड्यांची. १३ म्हणजे वीज दिसते आहे पण तिचा गडगडाट ऐकू येत नाही. १७ म्हणजे गडगडाट ऐकू येतो आहे पण पाऊस मात्र नाही. ज्या कोणा समितीने या कोरड्या कोष्टकात दूरवर मुकाट्याने चमकणाऱ्या विजेसाठी एक स्वतंत्र आकडा राखून ठेवला, त्या समितीत एखादा तरी रसिक बसलेला असावा, असे माझे मत आहे. मास्तरांना मी ते बोलून दाखवले. ते म्हणाले, “रसिक नव्हे, खलाशी असेल. ती वीज तासाभराने त्याच्या डोक्यावर यायची असते.”

पण इतके आखडून लिहायचे कशासाठी? सरळ ‘पुण्यात वारा नाही, थोडे धुके आहे’ असे का लिहू नये? नव्या विद्यार्थ्याचा हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर विमानात सापडत नाही. त्यासाठी विमानाच्या जन्मापूर्वी अर्धे शतक मागे जावे लागते. उत्तर तारेत आहे.

क्रिमियाचे युद्ध चालू असताना १४ नोव्हेंबर १८५४ रोजी काळ्या समुद्रावर बालाक्लावाजवळ भयंकर वादळ झाले. इंग्रज आणि फ्रेंच यांची तिसांहून अधिक जहाजे फुटली. त्यांतल्या ‘प्रिन्स’ नावाच्या एका जहाजावर सैनिकांचे हिवाळ्याचे गरम कपडे होते. ते तळाला गेले आणि पुढच्या थंडीत सैन्य कुडकुडत मेले. फ्रेंचांची ‘हेन्री चौथा’ ही युद्धनौकाही गेली. पॅरिसच्या वेधशाळेचे लव्हेरिये, ज्यांच्या गणितावरून १८४६ साली नेपच्यून ग्रह सापडला, त्यांच्याकडे चौकशीचे काम आले. त्यांनी ठिकठिकाणच्या विद्वानांना पत्रे लिहून त्या दिवसांच्या हवेच्या नोंदी मागवल्या. त्या नकाशावर मांडल्यावर दिसले ते असे, की हे वादळ काळ्या समुद्रावर उपजलेलेच नव्हते. ते युरोप ओलांडत आले होते. आदल्या दिवसांत ज्यांनी ते पाहिले, त्यांना क्रिमियाला एक तार करता आली असती, तर जहाजे खोल समुद्रात नेऊन वाचवता आली असती. तारयंत्र होते, वादळ पाहणारेही होते. फक्त त्यांना एकमेकांशी जोडणारे कोणी नव्हते.

इंग्लंडात हेच काम ॲडमिरल फिट्झरॉय करत होते. डार्विनला जगभर हिंडवून आणणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचे हेच कप्तान. ऑक्टोबर १८५९मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज ऑस्ट्रेलियाहून परत येताना, घराच्या उंबरठ्यावर, वेल्सच्या किनाऱ्याला आपटून फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर फिट्झरॉयनी किनाऱ्यावरच्या ठाण्यांकडून तारेने हवेची खबर मागवायला सुरुवात केली, आणि १८६१पासून वादळाचा सुगावा लागला की बंदरांवर शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा टांगायला लावल्या. कोकणातल्या वाचकांना हे परके वाटायला नको. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य ऐकून आपल्या होड्या वर ओढणारे आपले कोळी बांधव त्याच पद्धतीच्या एका शाखेवर विसंबून आहेत. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये फिट्झरॉय यांचे लोकांसाठीचे पहिले हवामानभाकीत छापून आले. पुढे भाकिते चुकली की लोक हसत, विद्वानही नाके मुरडत. ३० एप्रिल १८६५ रोजी या माणसाने स्वतःचा जीव घेतला. त्याला एकच कारण होते असे म्हणणे बरे नव्हे. पण भाकीत सांगणाऱ्याची चेष्टा करण्याआधी मला हा माणूस नेहमी आठवतो.

आता तारेचा हिशेब. तारेला पैसे शब्दागणिक पडत. आपल्याकडेही तार करताना ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब ये’ एवढ्यात सारे बसवायची कसरत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. ती तार २०१३ साली आपल्या देशात बंद झाली. हवामानाची तार तर दिवसातून अनेक वेळा, शेकडो ठाण्यांवरून करायची. खजिना पुरणार कसा? मग असे निघाले, की आंतरराष्ट्रीय तारेच्या नियमांत पाच आकडे मिळून एक शब्द धरतात. झाले! वारा, भार, उष्णता, ढग सगळे आकड्यांत घालायचे आणि पाच-पाचांचे गट पाडायचे. पाच आकड्यांत एका शब्दाच्या भावात भरपूर माल जातो, आणि शिवाय आकड्यांना भाषा नसते. १८७३ साली व्हिएन्नाला देशोदेशीचे हवामानशास्त्रज्ञ जमले. तेव्हापासून सर्वांनी एकाच पद्धतीने निरीक्षणे घ्यावीत आणि एकाच बोलीत ती कळवावीत, हा उद्योग सुरू झाला, आणि आज तो जागतिक हवामान संघटनेकडे आहे. ढगांची नावे मात्र त्याहून जुनी. ती ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या एका औषधविक्रेत्याने १८०२ साली एका व्याख्यानात सुचवली, तीही लॅटिनमध्ये. आजच्या ओळीत ढगाचे नाव फक्त दोन प्रकारांपुरते लिहितात: गडगडाटी ढग असला तर ‘सीबी’, आणि तो तसा होऊ पाहत मनोऱ्यासारखा वाढत असला तर ‘टीसीयू’. बाकीचे ढग बिनधोक, म्हणून बिननावाचे.

आपल्या देशातली कथाही संकटातूनच सुरू होते. ऑक्टोबर १८६४मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने हजारो माणसे नेली. १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. आणि १८७५ साली सरकारने भारतीय हवामानखाते उभे केले. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले मुख्य. खात्याची मुख्य कचेरी बरीच वर्षे सिमल्याला होती. ती १९२८ साली पुण्याला आली. पुणेकरांनी तिला काय नाव द्यावे? ‘सिमला ऑफिस’! शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीपाशी ‘सिमला ऑफिसला उतरायचंय’ म्हणणाऱ्या कितीतरी माणसांना इथे सिमल्याचे काय आहे, हे ठाऊक नसते. पुढे १९४४ साली मुख्य कचेरी दिल्लीला गेली, पण नाव पुण्यातच राहिले.

नेमकी त्याच सुमारास विमाने आली, आणि हवामानखात्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. जहाजाला वादळ चुकवायला दिवस मिळतात. विमानाला मिनिटे मिळतात, आणि त्याला हवे असते ते वेगळेच: ढगाचा तळ किती उंचीवर, समोर किती दूरचे दिसते, वरती वारा कसा. हे न कळल्याची किंमत लवकरच मोजली गेली. ४ ऑक्टोबर १९३० रोजी इंग्लंडचे अवाढव्य हवाई जहाज ‘आर-१०१’ कराचीला यायला निघाले. कराचीला त्याच्यासाठी प्रचंड घर बांधून तयार होते. निघाल्यावर वाटेत त्यांना बिनतारी यंत्रावर खबर मिळाली, की उत्तर फ्रान्सवर ताशी ४० ते ५० मैलांचे वारे आहेत. जहाज पुढे गेले, आणि पहाटे फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ जमिनीला लागून जळाले. ५४ माणसांपैकी ४८ गेली. त्यांत हवाई जहाजांच्या हवामानविभागाचे प्रमुख गिब्लेट हेही होते. खबर वाचता येणारा माणूसच त्या जहाजावर होता. पण निघण्याची घाई हवामान पाहून झालेली नव्हती.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन त्याच कराचीहून एका इंजिनाच्या चिमुकल्या ‘पस मॉथ’ विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, म्हणून ती टपालसेवा चार महिने पुण्याला हलवावी लागे. हवाई टपालाचे वेळापत्रक असे पावसाने ठरवलेले होते.

युद्ध आले आणि या बोलीची एक चमत्कारिक कथा घडली. शांततेत जी ओळ जगाला उघड वाटली जाते, ती युद्धात गुपित होते. कारण शत्रूच्या बंदरावर आज आभाळ कसे आहे हे कळले, तर बाँबफेक कधी करावी हेही कळते. जर्मन पाणबुड्या अटलांटिकवरून हवेची खबर कळवीत, ती आधी एका छोट्या पुस्तकातल्या संकेतांत आखडून, आणि मग ‘एनिग्मा’ यंत्रातून गुप्त करून. १९४२च्या फेब्रुवारीपासून ब्रिटिशांना त्या पाणबुड्यांचे संदेश उलगडेनासे झाले होते. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला ‘यू-५५९’ ही पाणबुडी जखमी होऊन वर आली. ‘पेटार्ड’ जहाजावरचे लेफ्टनंट फॅसन आणि खलाशी ग्रेझियर पोहत जाऊन बुडत्या पाणबुडीत शिरले. जहाजावरच्या उपाहारगृहातला १६ वर्षांचा पोऱ्या टॉमी ब्राऊन त्यांच्या हातून पुस्तके घेत राहिला. पाणबुडी एकाएकी बुडाली. ब्राऊन वाचला, ते दोघे आत राहिले. वर आलेल्या पुस्तकांत ते हवामानाच्या संकेतांचे पुस्तक होते. हवेचा अहवाल नेहमी ठरावीक साच्याचा आणि अंदाज करण्याजोगा असतो. त्या साच्याला धरून ब्लेचली पार्कच्या मंडळींनी १३ डिसेंबरला कुलूप उघडले. ज्या आखूडपणावर आम्ही विद्यार्थी वैतागत होतो, तो एका बाजूला इतका घातक ठरला होता. मास्तरांनी ही गोष्ट आम्हाला सांगितली नाही. तेव्हा ती फारशी कोणाला ठाऊकच नव्हती. मी ती कितीतरी नंतर वाचली, आणि त्या रात्री १३ आणि १७ हे आकडे मला पुन्हा नव्याने दिसले.

‘मेटार’ हे रूप १ जानेवारी १९६८ रोजी जगात आले. १९९३ साली ते बदलले आणि आमचे पाठ केलेले शंभर आकडे विमानाच्या ओळीतून एका दिवसात निवृत्त झाले. उरली नुसती अक्षरे. ती अक्षरेही सगळी इंग्रजी नाहीत. विरळ धुके ‘बीआर’, कारण फ्रेंचमध्ये ते ‘ब्रूम’. धूर ‘एफयू’, कारण ‘फ्यूमे’. गार ‘जीआर’, कारण ‘ग्रेल’. अमेरिकेने हे रूप १९९६च्या जुलैमध्ये उचलले, तेव्हा तिथल्या वैमानिकांनी या फ्रेंच पाहुण्यांची पुष्कळ टवाळी केली. आणि अंतर मैलांत व हवेचा भार पाऱ्याच्या इंचांत मोजायची आपली जुनी सवय काही सोडली नाही. आपल्याला तर फ्रेंच काय आणि इंग्रजी काय, दोन्ही सारखीच परकी. त्यामुळे ‘फू म्हणजे धूर’ हे आमच्या मराठी पोरांना सर्वांत आधी पाठ झाले. चुलीत फू केल्यावर दुसरे काय होणार?

वाचायला शिकणे म्हणजे काय, हे मला कळले ते मात्र जुहूला, १९७९च्या डिसेंबरात. एकट्याने पुण्याला जाऊन यायचे होते. विमान ‘पुष्पक’, म्हणजे आपल्याच बंगळूरच्या कारखान्यात बनलेले कापडी अंगाचे दोन बैठकींचे विमान. घाट ओलांडून तासाभराची वाट. सकाळी पुण्याची ओळ आली. ती या लेखाच्या माथ्यावर छापली आहे जवळपास तशीच होती: वारा शून्य, दृष्टी ५०००, आकाश जवळजवळ मोकळे, १२/११. आमच्यासारख्यांना डोळ्यांनी पाहत उडण्यासाठी पाच हजार मीटर दृष्टी नियमात बसते. कागदावर सगळे ठीक होते. आमचे प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, बोलायला तुटक. म्हणाले, “वाच.”

मी वाचले.

“सगळं वाचलंस. आता जोडून वाच.”

मी पुन्हा ओळीकडे पाहिले. वारा पडलेला. आभाळ मोकळे, म्हणजे रात्रभर जमिनीची ऊब वर निघून गेलेली. हवा १२ वर आणि दव ११ वर. मध्ये एक अंश. हवा आणखी एक अंश निवली, किंवा तिच्यात थोडा ओलावा वाढला, की सगळे पुणे दुधात बुडणार. आणि सूर्य उगवला की धुके पळते, हे आपण म्हणतो ते उशिरापुरते खरे आहे. उगवतीच्या पहिल्या तासात ऊन दव उडवते, हवा किंचित ढवळली जाते, आणि धुके उलट दाटते. मी म्हटले, “सर, थांबू या.” ते काही बोलले नाहीत, चहा मागवला. पुढची ओळ आली तीत दृष्टीच्या जागी ०४०० होते आणि शेजारी ४५. चारशे मीटर! निघालो असतो तर त्या घटकेला मी खंडाळ्याच्या आसपास असतो, आणि पुढे पुणे नव्हते.

त्या सकाळी मला उमगले, की या ओळीतला एकही आकडा एकटा बोलत नाही. वाऱ्याची पाच शून्ये उन्हाळ्याच्या दुपारी निरुपद्रवी आहेत. तीच १२/११च्या शेजारी बसली की दरवाजा लावून घेतात. उलट दाट पावसाळ्यात २५/२५ असे पाहून घाबरण्याचे कारण नसते, कारण वारा वाहता असतो, आणि तिथे भय ढगाच्या तळाचे असते.

शेवटच्या ‘क्यू’कडे नवखे सहसा दुर्लक्ष करतात, आणि अनुभवी माणसे तोच आधी पाहतात. विमानातले उंची सांगणारे घड्याळ खरे तर हवेचा भार मोजते आणि त्यावरून उंची सांगते. त्याला आजचा भार काय हे आपण सांगायचे असते. एका एककाची चूक म्हणजे सुमारे २८ फुटांची चूक. आषाढात मुंबईचा भार १००३च्या आसपास उतरतो. घड्याळ १०१३वरच ठेवून कोणी घाटाकडे निघाला, तर तो खरा असतो त्यापेक्षा पावणेतीनशे फूट उंच असल्याचे घड्याळ त्याला सांगत राहते. ढगात शिरल्यावर घाट काही घड्याळ पाहून बाजूला सरत नाही.

एकदा आमच्या आजीने माझी ही वही पाहिली. तिला वाटले, मी पंचांग शिकतो आहे. तिचे फारसे चुकले नव्हते. ‘आर्द्रा, वाहन म्हैस’ हीदेखील आखडून लिहिलेली पावसाची ओळच आहे, आणि वाहन बेडूक असले की आजीचे वाळवणाचे बेत बदलत. फरक इतकाच, की पंचांग वर्षाआधी सांगते आणि ठामपणे सांगते. ‘मेटार’ आताचे सांगते, तेही एका जागेचे, आणि हाती पडेपर्यंत तेही शिळे झालेले असते. हवा अचानक बिघडली तर ‘स्पेसी’ नावाची जादा ओळ मध्येच निघते. तरीसुद्धा पाहणाऱ्याने पाहिलेले आणि माझ्यापर्यंत पोचलेले यांत काही मिनिटे जातातच. त्या मिनिटांत पुष्कळ घडू शकते.

आजच्या पोरांना हे सारे घोकावे लागत नाही. हातातल्या पाटीवर बोट ठेवले की ओळ साध्या वाक्यांत उलगडून येते, हिरव्या-लाल रंगांसकट. नोव्हेंबर २०२०पासून तर यंत्रांनी यंत्रांना वाचून दाखवायच्या नव्या रूपात हे अहवाल देशोदेशी पाठवण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक झाला आहे, आणि जुनी ओळ कधीतरी जाणार, हे उघड आहे. तारेचे पैसे वाचवायला जन्मलेली बोली तार गेल्यावरही इतकी वर्षे टिकली, हेच नवल. तिच्यासाठी मी गळा काढणार नाही. पण अजून कोणी तरुण माझ्याकडे शिकवणीला आला, तर मी त्याची पाटी बाजूला ठेवायला लावतो आणि त्याला गच्चीवर नेतो. हिरवा रंग पाच हजार मीटरला हिरवाच असतो. शेजारचे १२/११ त्याला दिसत नाही.

परवा एक मुलगी आली होती. हुशार, भराभर वाचणारी. परदेशातल्या एका लहानशा विमानतळाची ओळ तिने पुढे ठेवली. तीत ‘ऑटो’ असा शब्द होता, आणि ढगांच्या जागी सहा तिरप्या रेघा आणि पुढे ‘सीबी’. हे काय, म्हणून तिने विचारले. मी सांगितले, की तिथे रात्री माणूस नसतो. ढगाचा तळ मोजणारे यंत्र सरळ डोक्यावर पाहते. मान वळवून क्षितिजाकडे पाहणे त्याला येत नाही. गडगडाटी ढग आसपास आहे, एवढे दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणाने त्याला कळवले आहे. पण तो किती आणि किती उंचीवर, हे यंत्राला सांगता येत नाही, म्हणून त्याने त्या जागी रेघा ओढल्या आहेत. तिने वहीत ते लिहून घेतले, आणि मग आम्ही दोघे गच्चीवर गेलो. पश्चिमेकडे फार लांब वीज चमकत होती. आवाज येत नव्हता. “तेरा,” मी म्हटले. हा आकडा तिच्या पुस्तकात नव्हता. तो काय ते मला पहिल्यापासून सांगावे लागले.